दुसरा हप्ता अडला असेल तर त्रुटी आधी लेखी मागा

नमस्कार. धारबांदोडा तालुक्यातील आपल्या संस्थेने १५ स्थानिक महिलांना प्राथमिक आरोग्यसेवेचे प्रशिक्षण देण्यासाठी सरकारी अनुदान घेतले, पहिला हप्ता संपून ८ महिने झाले आणि दुसऱ्या हप्त्याबद्दल विचारले की ‘कागदपत्रांत त्रुटी आहे’ एवढेच ऐकायला मिळते, हे आपण लिहिलेले वाचताना मला गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातील आमचेच दिवस डोळ्यांसमोर दिसले. प्रस्ताव कसा मांडावा आणि नोंदणीचे कोणते दाखले जोडावेत हे आपल्याला ठाऊक असणारच, त्यामुळे त्यात वेळ न घालवता, ज्या एका चुकीची किंमत आम्हाला सर्वांत जास्त मोजावी लागली तिच्याविषयी लिहिते.

मी त्या वेळी आमच्या संस्थेची खजिनदार होते. अनुदानाचा पहिला हप्ता आम्ही संस्थेच्या जुन्या बचत खात्यातच जमा करून घेतला. त्याच खात्यात सभासदांची वर्गणी होती आणि आरोग्य शिबिरांसाठी मिळालेल्या देणग्याही होत्या. पुढे प्रत्येक रुपयाची पावती आमच्याकडे होती, एकही खर्च मंजुरीबाहेरचा नव्हता, तरीही सरकारच्या पैशावर किती व्याज मिळाले हे त्या खात्यावरून दाखवता येईना. केंद्राच्या अनुदानाला सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. त्यांतील नियम २३० प्रमाणे असे व्याज सरकारजमा करावे लागते आणि नियम २३८ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे मंजूर कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला, द्यावे लागते. आम्ही प्रमाणपत्र वेळेत दिले, पण त्यात व्याजाचा उल्लेखच नव्हता, आणि त्यावरच आमचा दुसरा हप्ता अडला.

चूक आमचीच होती, हे मी मान्य करते. परंतु ती चूक कोणती हे कळायला १४ महिने लागले आणि त्याबद्दलचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. संबंधित कार्यालयात पहिल्या खेपेला शिक्का नीट उमटलेला नाही असे सांगण्यात आले, पुढच्या खेपेला फाइल पाहणारे कर्मचारी बदलून गेले होते, आणि त्यानंतर फाइल लेखा विभागात असल्याचे उत्तर मिळाले. सगळे तोंडी होते. अखेर १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात फाइलवरील टिपणांच्या प्रती मागितल्या, तेव्हा पहिल्याच महिन्यात लिहिलेली एका ओळीची नोंद हाती आली: व्याजाचा तपशील नाही. बँकेचे विवरण आणि लेखापरीक्षकाचे पत्र जोडून आम्ही ती त्रुटी दोन दिवसांत दूर केली.

तोपर्यंत आमच्याकडे प्रशिक्षण घेणाऱ्या १२ जणींपैकी ५ जणीच उरल्या होत्या. विद्यावेतन आणि प्रवासखर्च बंद झाल्यावर काही जणी काजूच्या बागायतींत मजुरीला गेल्या, दोघींनी औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. सोडून गेलेल्यांपैकी एकीची मला विशेष हळहळ वाटते. २०१५ पासून सत्तरीत गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळू लागले, आणि कोणत्या घरातील कोण काजू वेचायला रानात जातो, कोणाला कालपासून ताप आहे, कोण गोचिडीचा चावा अंगावर काढतो आहे, हे तिला वाड्यावर विचारत फिरावे लागत नसे, कारण ती तिथलीच होती.

पुढचे मत माझे स्वतःचे आहे आणि ते काहींना पटणार नाही. देशभर गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, पण गोव्यात ती योजना राबवली गेली नाही. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असा निकष आहे. मात्र विखुरलेल्या वाड्यांवर लोकसंख्येपेक्षा पायी तुडवावे लागणारे अंतर अधिक महत्त्वाचे ठरते. आयुष्मान भारतमधून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पद आले आणि त्यासाठी परिचारिकांना ६ महिन्यांचा अभ्यासक्रमही दिला गेला, ही चांगलीच गोष्ट झाली, पण एका व्यक्तीने उपकेंद्रही सांभाळावे आणि प्रत्येक वाड्यावरही पोहोचावे ही अपेक्षा रास्त नाही. म्हणून प्रशिक्षणाच्या दिवसांसाठी पैसे द्यायचे आणि त्यानंतरच्या वर्षभराच्या मानधनाची, प्रवासाची व अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीची तरतूदच ठेवायची नाही, ही पद्धत मला मुळातच चुकीची वाटते. पुढचा प्रस्ताव द्याल तेव्हा ही तरतूद आग्रहाने मागा.

मी सनदी लेखापाल नाही आणि राज्याच्या योजनेच्या अटी वेगळ्या असू शकतात, तेव्हा मंजुरीच्या आदेशातील अटी लेखापरीक्षकाला दाखवून घ्या. माझा सल्ला इतकाच की प्रत्येक अनुदानासाठी स्वतंत्र खाते उघडावे, कार्यालयात दिलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा आणि तोंडी उत्तर मिळाले की त्याच दिवशी ‘आज आपण असे सांगितले’ असे पत्र द्यावे. तरीही उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि ३० दिवस उलटले की पहिले अपील दाखल करा. संबंध बिघडतील या भीतीने आम्ही अर्ज लांबवला, आणि प्रत्यक्षात अर्जानंतर आमच्याशी कोणीही वाईट वागले नाही.

वेळापत्रकाविषयीही सांगते. आमचे पैसे मार्चमध्ये आले आणि आम्ही घाईने ऐन काजूच्या हंगामात वर्ग भरवले, त्यामुळे उपस्थिती निम्म्यावर आली. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर सुरुवात करून डिसेंबरपूर्वी वर्ग पूर्ण केलेत, तर माकडतापाचा काळ सुरू होण्याआधी महिला तयार असतील.

हप्ता पुढच्या आठवड्यात येईल असे आम्ही आमच्या महिलांना प्रत्येक बैठकीत सांगत राहिलो, तसे आपण करू नका. किती रक्कम कुठे आणि कशामुळे अडली आहे हे त्या १५ जणींना कळू द्या, आणि माहितीच्या अधिकारात फाइल पाहण्याची परवानगी मिळाली की त्यांच्यापैकी एकीला सोबत घेऊन जा.