ईटा कप्पा नूच्या आमच्या विद्यापीठातल्या चॅप्टरची (शाखेची) नवी खजिनदार झालेय, जुन्यांकडून काय शिकून घेऊ?

अभिनंदन! १९०४ साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली, २०१० पासून आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचा भाग असलेली ही इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या हुशार विद्यार्थ्यांची मानाची सोसायटी. नाव भारदस्त आहे, पण कामं अगदी कारकुनी.

मी अमेरिकेत एमएस करताना हेच पद सांभाळलंय. सगळ्यात मोठी अडचण कॅलेंडरची. निवडणूक एप्रिलमध्ये, जुने पदाधिकारी मेमध्ये पदवी घेऊन पसार, आणि ऑगस्टमध्ये विचारायला कुणीच नाही. म्हणून परीक्षेआधीच दोन तास त्यांना धरून बसव.

बँकेच्या सह्या बदलायला जुन्या खजिनदाराला सोबतच घेऊन जा, नुसत्या ईमेलवर भागत नाही. चॅप्टरच्या ईमेलला कुणाचा फोन नंबर जोडलाय तेही बघ. आमचा ओटीपी सिॲटलला नोकरीला लागलेल्या माजी अध्यक्षाकडे जायचा. तो मीटिंगमध्ये असला की आम्ही इकडे ताटकळत!

नव्या सदस्यांची फी मुख्यालयाला कधी, कशी पाठवायची, प्रमाणपत्रं यायला किती दिवस लागतात, हे त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून बघ. त्यांनी नुसत्या स्लाइड्स दिल्या तर त्या कुणी परत उघडत नाही गं. आणि फॅकल्टी ॲडव्हायझरना, म्हणजे चॅप्टरच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना, आत्ताच भेट, ते उन्हाळ्यात सापडत नाहीत.