लन मास्किंग केलेलं असताना सॅनमध्ये झोनिंग वेगळं करावंच लागतं का? आणि करायचं तर डब्ल्यूडब्ल्यूएनवर (उपकरणाचा स्वतःचा ओळख नंबर) की पोर्टवर (स्विचचं भोक)?

करावंच लागतं. सॅन म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारं वेगळं नेटवर्क, लन म्हणजे स्टोरेजमधला डिस्कचा तुकडा. तो कोणत्या सर्व्हरला दिसावा हे स्टोरेज ठरवतं ते मास्किंग, आणि नेटवर्कवर कोण कुणाला दिसावं हे स्विच ठरवतो ते झोनिंग. "मास्किंग आहे की, मग झोनिंगची कटकट कशाला?" हे वाक्य मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चार वर्षं ऐकलंय आणि त्यापायी तीन रात्री जागून काढल्यात.

ऑगस्ट २०१९ ची गोष्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, त्यामुळं पुण्याहून सपोर्टचा माणूस यायचा प्रश्नच नव्हता. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून टेपवर पूर्ण बॅकअप घ्यायचं ठरलं. पहिल्या रात्री बॅकअप अर्ध्यात तुटला. दुसऱ्या रात्रीही तेच. टेप बदलल्या, ड्राइव्ह साफ केला, काही फरक नाही.

तिसऱ्या रात्री मी स्विचसमोर खुर्ची टाकून बसलो. सात नंबरच्या पोर्टचा हिरवा दिवा मधूनच विझायचा आणि दोन-चार सेकंदांनी परत लागायचा. तो पोर्ट टेस्ट सर्व्हरचा. त्याचा टेपशी काडीचा संबंध नाही, पण त्याचं एसएफपी (फायबर केबल खोचायचं छोटं मॉड्यूल) मरायला टेकलं होतं. लॉग काढला, तर बॅकअप तुटल्याची वेळ आणि तो पोर्ट पडल्याची वेळ दोन्ही रात्री जुळत होती.

फॅब्रिकमध्ये, म्हणजे स्विच आणि त्याला जोडलेल्यांच्या जाळ्यात, कुणी आलं-गेलं की स्विच त्या झोनमधल्या बाकीच्यांना आरएससीएन, म्हणजे बदलाची सूचना, पाठवतो. गावात दवंडी पिटावी तसं. ती ऐकली की प्रत्येक एचबीए (सर्व्हरमधलं सॅनचं कार्ड) नेम सर्व्हरला, म्हणजे स्विचमधल्या हजेरीवहीला, परत विचारतो, आता कोण कोण आहे? डिस्कचं काम तेवढ्यात सावरतं. टेप सलग चालणारी, तिथं मधली कमांड गेली की जुन्या ड्रायव्हरवर सगळा जॉब जातो. मास्किंग स्टोरेजच्या दारात बसतं आणि कुणाला कोणता लन द्यायचा एवढंच बघतं. दवंडी त्याला थांबवता येत नाही.

आमच्या फॅब्रिक ए मध्ये (ए आणि बी अशा दोन जाळ्यांपैकी एक) आठ सर्व्हर, दोन स्टोरेज पोर्ट, दोन टेप ड्राइव्ह असे बाराही जण एकाच झोनमध्ये होते. बारा जणांच्या जोड्या होतात ६६. लागणाऱ्या किती? सर्व्हर-स्टोरेजच्या १६ आणि बॅकअप सर्व्हरच्या टेपशी २. उरलेल्या ४८ कुणालाच नको होत्या.

मी तो पोर्ट बंद केला. सकाळी बॅकअप पूर्ण झालेला होता.

साहेबांचं म्हणणं तेव्हाही एकच, "एसएफपी खराब होतं, झोनिंगचा काय संबंध?" संबंध हाच, की एसएफपी कधी ना कधी मरणारच, पण एकाच्या दुखण्यानं बाकीच्यांनी का आडवं व्हायचं? पूर ओसरल्यावर मी प्रत्येक एचबीए पोर्टला स्वतंत्र झोन केला, टेपचे झोन वेगळे काढले. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका सर्व्हरचा एचबीए असाच आचके देत गेला. त्या रात्रीचा बॅकअप व्यवस्थित पूर्ण झाला. साहेब त्यावर काही बोलले नाहीत, पण मला उत्तर मिळालं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. डब्ल्यूडब्ल्यूएनवरच करा. साफसफाईत कुणी केबल उपसून शेजारच्या भोकात खोचली, तर पोर्ट झोनिंगमध्ये एकाचा रस्ता दुसऱ्याला मिळतो. डब्ल्यूडब्ल्यूएन सॉफ्ट आणि पोर्ट हार्ड हा जुना समज सोडून द्या, आजचे स्विच दोन्ही हार्डवेअरमध्येच अडवतात. फक्त एकाच डिव्हाइसला एका झोनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएननं आणि दुसऱ्यात पोर्टनं घालू नका. नंबर घेताना नोडचा (अख्ख्या कार्डाचा) नको, पोर्टचा (कार्डावरच्या त्या भोकाचा) घ्या. एम्युलेक्स कंपनीच्या कार्डाचा बहुधा १०:०० नं सुरू होतो, क्यूलॉजिकच्या कार्डाचा २१:०० नं, आणि त्याच कार्डाचा २०:०० वाला दिसला तर तो नोडचा. एचबीए बदलला की नंबर बदलतो, म्हणून झोनमध्ये थेट नंबर न लिहिता एलियास (नंबरला दिलेलं नाव) करा, म्हणजे एकाच जागी दुरुस्ती लागते.

बदल आधी फॅब्रिक ए वर करा. प्रत्येक सर्व्हरवर पाथ (स्टोरेजपर्यंतचे रस्ते) परत आलेले स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच बी ला हात लावा. ब्रोकेडच्या स्विचवर झोनिंगचं चालू कॉन्फिग नुसतं बंद करून ठेवू नका. डिफॉल्ट झोन (कुठल्याच झोनमध्ये नसलेल्यांसाठीचा नियम) मोकळा ठेवलेला असेल तर त्या क्षणी सगळे सगळ्यांना दिसायला लागतात. सिस्कोच्या स्विचवर तो मुळात बंद असतो.

आणि हो, हे सगळं फायबर चॅनलचं. तुमचं आयस्कझी (साध्या इथरनेटवरचं स्टोरेज) असेल तर तिथं व्हीलॅन (त्या नेटवर्कचे वेगळे कप्पे) बघा. झोनिंग झालं म्हणून मास्किंग काढू नका, एकाच स्टोरेज पोर्टवर आठ सर्व्हर येतात तेव्हा कुणाचा लन कोणता हे तेच ठरवतं. जमलं तर टेपसाठी एचबीएही वेगळा घ्या. आम्हाला तो अजून मंजूर झालेला नाही.