काँगर वाम (सापासारखा लांब, मोठा समुद्री मासा) गळाला लागते, पण वर येण्याआधीच दोरी तुटते. काय चुकतंय?

बहुतेक वेळा चूक पहिल्या काही सेकंदांत होते. काँगर वाम बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यात नाहीतर खडकाच्या कपारीत राहते. गळ लागताच ती शेपटीने आधार धरून मागे रेटते, आणि एकदा ती पकड बसली की कितीही ओढा, दोरीच जाते. चावा जाणवला की झटका देऊ नका; सावकाश दोरी ताणा, वजन लागलं की तिला लगेच तळापासून चार-पाच मीटर वर उचला.

ट्रेस, म्हणजे गळाला जोडलेला दोरीचा शेवटचा तुकडा, १५० ते २०० पौंड ताण सोसणाऱ्या मोनोफिलामेंटचा (एकाच जाड नायलॉन तंतूचा) हवा, बारीक दोरी तिच्या दातांनी घासून तुटते. गळ ८/० किंवा १०/० आकाराचा. ट्रेसच्या वर मजबूत स्विव्हल (फिरती कडी) हवंच, कारण ती स्वतःभोवती गरगर फिरते आणि दोरीला पीळ बसतो. आमिष ताज्या बांगड्याचं: मधला काटा काढा, दोन्ही बाजू डोक्याला लटकत्या ठेवा, गळ डोक्यातून घाला.

कृपा करून तिला बोटीत ओढू नका. ही वाम आयुष्यात एकदाच अंडी घालते आणि मरते, म्हणजे मोठी मादी बहुधा अजून व्यायचीच असते. बोटीच्या कडेलाच गळ सोडवा. खोल गिळला असेल तर ट्रेस गळाजवळ कापा.