विभागप्रमुखांचं पत्र की प्रकल्पाच्या मॅडमचं?

प्रश्न : मी रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज करायचाय. दुसऱ्या वर्षी आजारपणामुळे गुण घसरले. आमचे विभागप्रमुख नामांकित आहेत, पण ते मला फक्त वर्गातली एक मुलगी म्हणून ओळखतात. प्रकल्पाच्या मॅडम नुकत्याच रुजू झाल्यात, त्यांचं नाव बाहेर कुणाला माहीत नाही. शिफारसपत्र कुणाचं घेऊ? एसओपीचा, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनाचा, मसुदा जोडलाय.
ता. क. प्रकल्पात फारसं काही हाती लागलं नाही. चार महिने यील्ड, म्हणजे हाती येणारं उत्पादन, कधी ६० टक्के, तर कधी १५. शेवटी कळलं, सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात) पाणी होतं.

उत्तर : तुझ्या सगळ्या पत्रात मोलाचं काही असेल तर तो ताजा कलम. आणि तोच तू माफी मागितल्यासारखा लिहिलायस! मसुद्यात तर पाण्याचा उल्लेखही नाही. तिथे लहानपणी रंग बदलणाऱ्या द्रावणांचं कुतूहल वाटायचं, यावर अख्खा परिच्छेद आहे. ते कुतूहल खरं असेल, पण अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच ते असतं.

तुझा अर्ज वाचणारी माणसं प्राध्यापक असतात. पुढ्यात अर्जांचा ढीग, स्वतःची कामं खोळंबलेली, आणि डोक्यात एकच हिशेब : ही मुलगी पाच-सहा वर्षं प्रयोगशाळेत टिकेल का? प्रयोग फसला की काय करते? या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे तयार आहे. मग ते सविस्तर लिही. आधी संशय कशावर गेला, कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर) की तापमानावर? सॉल्व्हंटची नवी बाटली उघडली की यील्ड वर जातं, हे कसं लक्षात आलं? पाणी कार्ल फिशर टायट्रेशनने मोजलंस, की मॉलिक्युलर सीव्ह घालून सॉल्व्हंट सुकवलास आणि फरक पाहिलास? मोजलेला आकडा असेल तर आकडा दे. त्यातलं तू काय केलंस आणि मॅडमनी काय सुचवलं, हेही वेगवेगळं सांग. श्रेय वाटून दिल्याने तुझं वजन कमी होत नाही, उलट वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. एसओपीचा निम्मा भाग यावर गेला तरी चालेल.

आता पत्रांचं. बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात, त्यामुळे ‘हे की त्या’ असा पेच मुळात नाहीच. पहिलं पत्र मॅडमचं, यात वादच नको. विभागप्रमुख लिहितील की तू हुशार, नियमित आणि मेहनती आहेस. गुणपत्रिका समोर असताना त्यातून वाचणाऱ्याला नवं काय कळणार? मॅडम लिहितील की हिने नोंदवहीतल्या चार महिन्यांच्या तारखा काढून बाटल्यांशी ताडून पाहिल्या. हे वाक्य लिहायला तुझ्याजवळ उभं राहिलेलं माणूस लागतं. दुसरं पत्र प्रात्यक्षिकं घेणाऱ्या शिक्षकांचं बघ. विभागप्रमुख तिसरे, तेही अर्धा तास भेटून, मसुदा दाखवून, ‘माझ्याबद्दल ठोस लिहिता येईल का’ असं थेट विचारून. ते अडखळले तर आभार मानून परत ये.

पत्रासाठी शिक्षकांना मुदतीच्या निदान सहा आठवडे आधी विचार. सोबत एका पानावर विद्यापीठांची यादी, तारखा आणि तू केलेल्या कामाचे मुद्दे दे. कुणी ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणालं तर मुद्दे दे, मजकूर नको. तिन्ही पत्रांतली भाषा एकाच हातची असली की अनुभवी वाचकाच्या चटकन लक्षात येतं. फॉर्ममध्ये एक चौकट असते : पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? हा हक्क १९७४ च्या फेर्पा या अमेरिकी कायद्याने दिलेला आहे. तो सोड. उमेदवाराने न पाहिलेल्या पत्रावर वाचणारे जास्त भरवसा ठेवतात. पत्राची लिंक शिक्षकांच्या संस्थेच्या ईमेलवरच जाऊ दे.

घसरलेल्या गुणांसाठी दोन वाक्यं पुरेत : आजारी होते, पुढच्या सत्रांत गुण सावरले. आजाराचं वर्णन नको. आणि फॉर्मने मागितल्याशिवाय सीजीपीए स्वतः अमेरिकेतल्या ४ च्या पट्टीत बदलू नकोस.

जीआरई या प्रवेश परीक्षेबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगते. रसायनशास्त्राच्या बऱ्याच विभागांनी ती काढून टाकलीय. काही जण गुण पाठवले तरी पाहत नाहीत. प्रत्येक विभागाचं पान उघडून खात्री कर, मगच फी भर. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षं धरतात, हे तारीख निवडताना लक्षात ठेव.

‘तुमचं विद्यापीठ जगप्रसिद्ध आहे’ हा मसुद्यातला परिच्छेद खोड. ते त्यांना माहीत असतं. त्याऐवजी दोन-तीन प्राध्यापकांचे अलीकडचे पेपर वाच आणि तुझा पाण्याचा अनुभव त्यांच्या कोणत्या प्रश्नापाशी पोहोचतो ते लिही. असा धागा सापडत नसेल तर ते विद्यापीठ यादीतून काढ, अर्जाची फी तरी वाचेल.

बऱ्याच मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात, आणि रात्री ११:५९ म्हणजे कुठल्या घड्याळातले, हे फॉर्मवर पाहून घे. पण त्याआधी नोंदवही घेऊन मॅडमकडे जा. ज्या दिवशी यील्ड १५ आलं त्या दिवसाचं पान उघडून दोघी बसा. एसओपी आणि पत्र, दोन्हींची सुरुवात तिथूनच होईल.