न्यूयॉर्कच्या स्टायव्हेसंट हायस्कूलमध्ये बहुतेक मुलं आशियाई वंशाची कशी? श्रीमंतांची शाळा आहे का ती?

श्रीमंतांची अजिबात नाही. सरकारी शाळा, फी शून्य. रेस्टॉरंटमध्ये नाहीतर टॅक्सीवर राबणाऱ्या चिनी, बांगलादेशी आईबापांची मुलंही तिथे आहेत.

खरी मेख प्रवेशात आहे. आठवीत एकच परीक्षा, एसएचसॅट. शाळेतले गुण, शिक्षकांचं मत, मुलाखत, काही म्हणजे काही धरत नाहीत. १९७१ च्या राज्य कायद्यातच तसं आहे. मग काय, क्लासेस! पोटाला चिमटा काढून मुलाला क्लासला घालणारे पालक आपल्याला काही नवे नाहीत. उलट बाजू अशी की शहराच्या सरकारी शाळांत सुमारे दोन तृतीयांश मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, पण २०१९ मध्ये स्टायव्हेसंटच्या ८९५ जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या फक्त ७. तेव्हाचे महापौर डी ब्लाझिओ यांनी परीक्षाच काढायचा घाट घातला होता, तो बारगळला.

निकाल अर्थातच झकास. चार माजी विद्यार्थी नोबेलविजेते. पण मुलंच निवडून घेतलेली, मग शाळेचं श्रेय किती? कटऑफच्या जेमतेम वरच्या आणि खालच्या मुलांची तुलना अर्थतज्ज्ञांनी केली (२०१४), तर पुढच्या गुणांत फारसा फरक दिसला नाही.