गुंतागुंत झाली, पण का झाली हे कोण सांगणार?

प्रश्न : माझ्या बहिणीच्या पित्ताशयावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप आणि पोटदुखी वाढत गेली. पित्तनलिकेला इजा झाल्याचे उशिरा लक्षात आले, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली आणि बरेच दिवस तिला अतिदक्षता विभागात काढावे लागले. आता ती घरी आहे. विचारणा केली की ‘असे होऊ शकते, तुम्ही संमतिपत्रावर सही केली आहे’ एवढेच सांगितले जाते आणि डिस्चार्ज कार्ड पुढे केले जाते. आम्ही काय करावे?

उत्तर : डॉक्टरांचे निम्मे म्हणणे खरे आहे. पित्तनलिकेला इजा होणे हा या शस्त्रक्रियेतील ज्ञात धोका आहे, आणि उपचाराचा परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले आहे. मात्र इजा होणे आणि ती ओळखायला उशीर होणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. तुमच्या बहिणीला खरे उत्तर हवे आहे ते या दुसऱ्या बाबीचे, आणि संमतिपत्रावर सही केल्याने ते विचारण्याचा तिचा हक्क संपत नाही.

डिस्चार्ज कार्ड हा केवळ गोषवारा असतो. ताप प्रथम केव्हा नोंदवला गेला, परिचारिकेने कोणाला कळवले, डॉक्टर केव्हा तपासून गेले, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन कधी सांगितले आणि प्रत्यक्षात कधी झाले, हे सारे नर्सिंग नोट्स, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, दोन्ही शस्त्रक्रियांच्या नोंदी, औषधांचा तक्ता आणि तपासण्यांचे अहवाल वेळेनुसार शेजारी ठेवून वाचले तरच कळते. म्हणून संपूर्ण केसपेपरच्या प्रती मागाव्यात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे देणे बंधनकारक आहे. अर्ज लेखी असावा, शक्यतो बहिणीच्या सहीचा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. तोंडी विनंतीचा पुरावा उरत नाही.

कागदपत्रे हाती आल्यावर या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या एखाद्या शल्यचिकित्सकाकडून ती वाचून घ्यावीत आणि मगच उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे भेटीची वेळ मागावी. प्रश्न लिहून न्यावेत. ‘चूक कोणाची?’ या प्रश्नाने संभाषण तिथेच थांबते. ‘अमुक दिवशी ताप असताना तपासणी दुसऱ्या दिवसावर का गेली?’ या प्रश्नाला मात्र नेमके उत्तर द्यावे लागते. अनेक कुटुंबांना भरपाईपेक्षा हे उत्तरच हवे असते, आणि ते देणे हा उपचाराचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर मिळालेच नाही, तर राज्य वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे असल्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि रुग्णालयाशी चाललेल्या पत्रव्यवहारामुळे ती आपोआप वाढत नाही. त्यामुळे कागदपत्रांचा अर्ज याच आठवड्यात द्यावा.