‘सामूहिक कारावास’ की ‘घाऊक कैद’?

प्रश्न असा आला आहे: “अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘मास इन्कार्सरेशन’ला, म्हणजे लाखोंना तुरुंगात डांबण्याला, ‘सामूहिक कारावास’ चालेल का? आणि ‘कन्व्हिक्ट लीजिंग’ला, म्हणजे कैदी भाड्याने देण्याला, काय म्हणावं?”

‘सामूहिक’ नको. सामूहिक विवाह, सामूहिक रजा, सामूहिक राजीनामे... या सगळ्यांत करणारे अनेक असतात. इथे कैद करणारं एकच, सरकार. ज्यांना डांबलं ते लाखो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून साधारण २ लाख कैदी होते, २००९ च्या सुमारास १६ लाख झाले. हे त्यांनी समूहाने केलेलं काम नव्हे.

‘सरसकट’ हा शब्दही कुणी सुचवेल. पण सरसकट म्हणजे डावं-उजवं न करता, कर्जमाफी सरसकट असते तशी. इथे तर डावं-उजवं हेच सगळ्याचं मूळ. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के, आणि त्या १६ लाखांत एक तृतीयांशाहून अधिक. १९८६ चा अमली पदार्थांचा कायदा पाहा. कोकेनची भुकटी ५०० ग्रॅम विकताना सापडलं तर किमान पाच वर्षं कैद. तेच कोकेन ‘क्रॅक’च्या खड्यांच्या रूपात असेल तर ५ ग्रॅमलाच पाच वर्षं. क्रॅकखाली शिक्षा झालेले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. हे शंभरास एकचं प्रमाण २०१० साली अठरास एकवर आणलं, संपवलं नाही.

म्हणून माझं मत ‘घाऊक’ला. वर्तमानपत्रं ‘घाऊक बदल्या’ लिहितात तेव्हा वरून हुकूम सुटला आणि माणसं गठ्ठ्याने हलवली, हे न सांगता कळतं. आणि ‘कारावास’पेक्षा ‘कैद’ बरी. वनवास, अज्ञातवास, कारावास यांत राहणारा दिसतो, पाठवणारा दिसत नाही. कैद म्हटलं की कुणी केली हा प्रश्न उभा राहतोच.

जाता जाता: आपला ‘तुरुंग’ पोर्तुगीज ‘त्रोंको’वरून आला. त्रोंको म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचं भोकांचं लाकूडही. आपल्याकडे त्या लाकडाला ‘खोडा’च म्हणत. दोन भाषा, पण शब्द निघाला एकाच ओंडक्यातून.

आता ‘कन्व्हिक्ट लीजिंग’. ‘भाडेतत्त्वावरील कैदी’ लिहाल तर फ्लॅटची जाहिरात वाटेल. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते सोडून’ अशी फट ठेवून. त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने कायदा केला: जानेवारीच्या ठरावीक दिवशी ज्या मुक्त कृष्णवर्णीयाकडे कामधंदा नसेल तो गुन्हेगार. दंड भरता आला नाही की जो भरेल त्याच्याकडे राबायचं. पुढे राज्यं कैदीच खाणींना, रेल्वे कंत्राटदारांना, मळेवाल्यांना भाड्याने देऊ लागली. अलाबामात हे १९२८ पर्यंत चाललं. मजुरीचे पैसे सरकारी तिजोरीत, राबणाऱ्याला काही नाही. याला मराठीत शब्द आहे: वेठ. पहिल्यांदा ‘कैदी भाड्याने देण्याची पद्धत’ असं सरळ लिहा, पुढे ‘कैद्यांची वेठ’ पुरे. ‘सक्तमजुरी’ वापरू नका, ती न्यायालयाने सुनावलेली शिक्षा. हा तिच्यावर केलेला धंदा होता.

एक सावधगिरी. मिसिसिपीच्या त्या कायद्यात कामधंदा नसलेल्याला ‘व्हेग्रंट’ म्हटलंय, त्याला ‘भटक्या’ लिहू नका. ‘भटके-विमुक्त’ ही आपल्याकडे जित्याजागत्या माणसांची ओळख आहे, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांतल्या अनेकांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. तो शिक्का १९५२ साली पुसला, म्हणून ते ‘विमुक्त’. ‘बेकार हिंडणारा’ लिहा.

लेखात आंदोलनांचा भाग येईल तेव्हा ‘जेलभरो’ हाताशी येईल. तो घाऊक कैदेला लावू नका, जेलभरोत माणूस स्वतः पुढे होतो. पण १९६१ सालचं साउथ कॅरोलायनातलं रॉक हिल आलं तर बेलाशक वापरा. तिथे फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खानावळीच्या काउंटरपाशी काही कृष्णवर्णीय तरुण जाऊन बसले. १०० डॉलर दंड किंवा ३० दिवस सक्तमजुरी, अशी शिक्षा झाली. त्यांतल्या नऊ जणांनी दंड नाकारला आणि तीस दिवस राबायला गेले. दंड भरला तर ज्या व्यवस्थेशी भांडतोय तिचीच तिजोरी भरेल, असा त्यांचा हिशोब होता. २०१५ साली न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्यांच्यासाठी ‘जेलभरो’ आणि ‘सक्तमजुरी’ हे दोन्ही शब्द तंतोतंत बसतात.